कोंबडीच्या पाठीमागचा रस्ता

३ नोव्हेंबर

आदरणीय दादा,

सविनय नमस्कार. पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करावी असा शिरस्ता आहे, म्हणून करतो: आपला गुडघा कसा आहे? माझी प्रकृती ठीक आहे. घरही ठीक आहे. गच्चीची गळती बंद झाली, जिन्यातला दिवा बदलून घेतला आणि आपल्या बहिणीच्या कुंड्यांपैकी बहुतेक जिवंत आहेत. याखेरीज लिहिण्याजोगे काही घडलेले नाही. एक गोष्ट सोडून.

पाचवे वेष्टन सापडले.

हे वाक्य स्वतंत्र परिच्छेदात लिहिण्याचा मोह मला आवरला नाही. सारी नोकरी नकाशा खात्यात झाल्यामुळे ठळकपणा हा केवळ राजधानीच्या शहरांसाठी राखून ठेवायचा असतो, अशी माझी शिस्त आहे. आज अपवाद केला.

आता क्रमाने लिहितो. यातले निम्मे आपल्याला ठाऊक आहे. परंतु या पत्राची प्रत ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाईंना द्यायची आहे, आणि आपल्या घरातले भांडण त्यांना ठाऊक नाही.

एका जुन्या प्रकाशकाने आठ कादंबऱ्यांची एक माला काढली होती. कादंबऱ्या सामान्यच होत्या. (हे माझे मत. मी त्या वाचल्या आहेत. आपण दोघा भावंडांनी त्या केवळ पाहिल्या आहेत.) त्यांवरची छापील कागदी वेष्टने मात्र असामान्य होती. चित्रकाराने एकच लांबलचक रस्ता रंगवला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक कादंबरीच्या वाट्याला एकेक दिला. पुस्तके तोंड पुढे करून शेजारी शेजारी उभी केली, की दुकानाला दुकान आणि सज्ज्याला सज्जा लागून रस्ता जुळत जातो. रद्दीच्या दुकानांतून हा रस्ता गोळा करण्याचा उद्योग आपण शाळेत असताना सुरू केलात, आणि आपल्या मागे मागे फिरणाऱ्या धाकट्या बहिणीने तो आयुष्यभर चालवला. कागद दिसला की गालात भरून घरभर दडवते, म्हणून आपण तिला 'खार' म्हणत असा.

पाचवी कादंबरी जिथे मिळाली तिथे उघडीच मिळाली. तिचे वेष्टन कोणाच्याच पाहण्यात नव्हते. आपण निष्कर्ष काढलात, की ते निघालेच नाही. आपला पुरावा असा: चौथ्या चित्रातून एक दोरी उजव्या कडेने बाहेर जाते आणि सहाव्यात ती डाव्या कडेने आत येऊन सज्ज्याच्या खांबाला बांधलेली दिसते. दोन्ही कडांवर दोरीची उंची एकच. चौथे आणि सहावे शेजारी ठेवले तर दोरी जुळते. सबब मधे काही नाही.

तिने ती दोन्ही चित्रे बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "दादा, चौथ्यात दोरी खाली उतरतेय आणि सहाव्यात वर चढतेय. जोडली की मधे टोक येतं. दोरी अशी मोडते का कधी? मधे काहीतरी लटकतंय, जड." मग तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, की वजनावाचून दोरीला कोपरा पडत नाही. त्यावर आपण टाळी वाजवून म्हणालात, "झालं! बायकोच्या बाजूने ओळंबा बोलला!" गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला दोरीला बांधून सोडतात, ते वजन म्हणजे ओळंबा. लग्नाच्या दिवसापासून आपण मला दिलेले हे नाव ग्रंथपाल बाईंच्या माहितीसाठी नमूद करतो. त्याला माझी हरकत कधीच नव्हती.

पुढे संग्राहकांच्या त्रैमासिकात आपला लेख आला: 'पाचवे वेष्टन: एका हट्टाचा इतिहास'. लेखात तिचे नाव नव्हते, हट्ट तेवढा होता. नंतरच्या भेटीत आमच्या जेवणाच्या टेबलावर रस्त्याची वाटणी झाली. पहिली चार वेष्टने तिने घेतली, शेवटची तीन आपण नेलीत. दोघेही एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलत होता, आणि माझ्या मते तेच सर्वांत वाईट होते. आपण गेल्यावर मी टेबल पुसले.

आता शोधाविषयी. ग्रंथालय तिच्या संग्रहाचे प्रदर्शन भरवत आहे. त्यासाठी प्रत्येक वेष्टन मी माझ्या काचेच्या मेजावर तपासत होतो. काचेखाली दिवा असलेले हे मेज आपण पाहिले आहे. त्यावर आम्ही नकाशे गिरवत असू. कागद कुठे विरला आहे, कुठे चिरला आहे, ते खालून आलेल्या उजेडात लगेच समजते. दुपारची वेळ होती. क्रमाने हाती आले ते 'घरच्या घरी कोंबडीपालन' या पुस्तिकेचे वेष्टन: पिवळी पार्श्वभूमी आणि मधोमध एक गलेलठ्ठ कोंबडी, चेहऱ्यावर हेडक्लार्कचा भाव.

ही कोंबडी तिला कोणी दिली, हे आपल्याला आठवत असेलच. वाटणीनंतर टपालाने आलेली ती आपली एकमेव भेट. सोबत एक ओळ होती: 'चित्र छापलेलं असलं की तुला काहीही खरं वाटतं. घे.' ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. "यात बिचाऱ्या कोंबडीचा काय दोष?" म्हणाली आणि तिने ते वेष्टन इतरांच्याच मानाने जपून ठेवले. कुठल्याशा फिरत्या वाचनालयातून आलेले असल्याने त्याला मजबुतीसाठी मागून पांढरा कागद डकवलेला होता. त्याची पाठ आपण पाहिली नव्हती, तिने पाहिली नव्हती, आणि मी तर पोटही नीट पाहिले नव्हते.

मी दिवा लावला, आणि कोंबडीच्या पोटातून एक दोरी आरपार गेलेली दिसली.

उलटी चित्रे सुलटी वाचणे हा आमच्या खात्याचा रोजचा व्यवसाय. दोरी एका बाजूने उतरत होती, मधे काहीतरी भले मोठे पेलत होती आणि दुसऱ्या बाजूने चढत होती. कोंबडीपालनाचे वेष्टन दुसऱ्या एका छापील कागदाच्या कोऱ्या पाठीवर छापलेले आहे. कागदटंचाईच्या काळात प्रकाशक असे करीत, ही माहिती मला आपल्याच एका लेखातून मिळालेली आहे.

त्यानंतर मी काय केले, ते येथे अप्रस्तुत आहे.

प्रस्तुत मुद्दा असा. प्रदर्शनात पाचव्या जागी लावण्यासाठी पाटी तयार आहे आणि तिच्यावर आपले वाक्य आहे: 'पाचवे वेष्टन कधीच निघाले नाही.' मी ग्रंथपाल बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, दादांनी दोन ओळी लिहून दिल्या तर मी आत्ता पाटी बदलते. पण तुम्ही पडलात घरचे. घरच्यांच्या शब्दावर समिती काय म्हणेल?"

तिच्या संग्रहाच्या प्रदर्शनात तिलाच खोटे पाडणारी पाटी मी लागू देणार नाही. सबब मला आपल्याकडून दोन ओळी हव्या आहेत. तीन लिहिल्यात तरी चालेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपल्या बहिणीचा पती


१९ नोव्हेंबर

आदरणीय दादा,

नमस्कार. आपले कार्ड मिळाले. प्रकृतीविषयी आपण काही लिहिले नाहीत, त्यावरून गुडघा तसाच असावा असे समजतो.

कार्डावरचा मजकूर मी येथे पुन्हा उतरवतो, म्हणजे उत्तर मुद्द्याला धरून देता येईल. आपण लिहिता: 'कोंबडीच्या पोटातून रस्ता काढलात, अभिनंदन. आता अंड्यातून पूल काढा. अशा दिवसांत माणूस दिव्याकडे बघत बसला की त्याला हवं ते दिसतं. जपा स्वतःला.'

शेवटचे दोन शब्द आधीच्या मजकुराशी जुळत नाहीत. त्यांची मी नोंद घेतली आहे. उरलेल्या मजकुराचे उत्तर पुढीलप्रमाणे.

दिव्याच्या उजेडात दिसलेली गोष्ट पुरावा म्हणून पुरेशी नाही, हे आपले म्हणणे मला मान्य करावे लागले. मागचा पांढरा कागद काढणे भाग होते. येथे अडचण अशी, की आपल्या बहिणीचा याविरुद्ध सक्त नियम होता. दुसऱ्याने लावलेले ठिगळ उसवायचे नाही. "त्याने ते जीव लावून चिकटवलंय," ती म्हणायची, "आपण कोण शहाणे?" वेष्टन हातात घेण्यापूर्वी ती मलाही हात धुवायला लावी, आणि मी, दादा, तिने सांगितलेले कधी मोडले नाही. निदान कागदाच्या बाबतीत नाही.

मी दोन दिवस ते वेष्टन मेजावर तसेच ठेवले आणि घरात फेऱ्या मारल्या. नियम पाळला तर ती खोटी पडते आणि मोडला तर कदाचित चित्रच हातचे जाते. मग ती कायमची खोटी. बरे, दोन्ही बाजूंना चित्र. पाणी कुठल्या शाईला पोचेल, कुठली शाई उठेल, कोण सांगणार? ज्या एका व्यक्तीला विचारावे असा प्रश्न होता, तिला विचारण्याची सोय उरलेली नाही.

शेवटी मी असे ठरवले: ती आधी मला रागावली असती, आणि मग स्वतःच वाटीत पाणी घेऊन आली असती. या निष्कर्षाला पुरावा नाही. परंतु तिच्याबरोबरच्या संसाराचा अनुभव आहे.

त्याच वाचनालयाच्या डकवलेल्या कागदांची तीनचार निकामी वेष्टने तिच्या संग्रहात होती. त्यांच्यावर मी सराव केला. पहिल्याचा लगदा झाला. दुसऱ्याचा रंग उतरला. तिसऱ्यापर्यंत समजले, की पाणी लावायचेच नाही. ओलसर टिपकागद वर ठेवायचा, त्यावर काच ठेवायची आणि खळ आपण होऊन नरम होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे. घाई करणाऱ्या माणसाचे हे काम नाही. आपल्याला जमले नसते, हे मी कोणताही आकस न ठेवता लिहितो.

त्यानंतर कोंबडी पालथी घातली. जिथे चित्र असण्याची शक्यता कमी, त्या घडीच्या बाजूने सुरुवात केली. बोटभर रुंदीची पट्टी ओलसर करायची, थांबायचे, बोथट पात्याने कागदाचे टोक उचलायचे, पुन्हा थांबायचे. पहिल्या दिवशी आकाश निघाले. नुसते आकाश, फिकट, थोडे हिरवट, चौथ्या आणि सहाव्याच्या मधे बसेल असे. आकाश पाहून मी त्याआधी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून विचारले, "काका, सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "आकाश निघालं." त्या थोड्या वेळाने दार वाजवून माझा रक्तदाब पाहून गेल्या. तो उत्तम होता.

चौथ्या दिवशी काम पूर्ण झाले. कोंबडी शाबूत आहे. रस्ताही शाबूत आहे. काढलेला पांढरा कागदसुद्धा मी वाळवून सपाट करून ठेवला आहे. ज्याने तो जीव लावून चिकटवला, त्याचाही मान राहावा.

चित्रात मधे काय लटकले आहे, ते मी आज सांगणार नाही. आपण म्हणाल, की हे सारे ओळंब्याच्या डोक्यातून निघाले. म्हणून मी आपल्याला केवळ उजवी कड पाठवतो. सोबत गिरवकागदाची एक अरुंद पट्टी आहे. पाचव्या चित्राची उजवी कड मी तीवर बारकाईने गिरवली आहे, रेषेला रेष. आमच्या खात्यात माझ्या गिरवण्याची तपासणी करीत नसत, एवढे सांगणे पुरे.

आपले सहावे वेष्टन काढा. त्यात डाव्या कडेला, सज्ज्याच्या कठड्यावर एक मांजर बसलेले आहे. आपल्या लेखात आपण त्याच्यावर अर्धे पान खर्च केले आहे. त्याला पुढचे पाय आहेत, मिशा आहेत, मागचा भाग नाही आणि शेपूट नाही. आपण लिहिलेत: 'चित्रकाराला मांजर जमत नसे, म्हणून त्याने ते अर्धेच सोडून दिले.' आम्ही दोघांनी ते वाक्य मोठ्याने वाचले होते. तिने अंक मिटला आणि एवढेच म्हणाली, "कुठलंही मांजर शेपूट घरी ठेवून बाहेर पडत नाही."

पट्टी सहाव्याच्या डाव्या कडेला लावून पाहा. अधिक काही लिहीत नाही.

आपण विचाराल, की हे सर्व मला एवढे का लागले आहे. तिच्या पाटीसाठी, हे कारण मी दिलेच आहे. दुसरेही एक आहे. दिवा लावला आणि दोरी दिसली, त्या क्षणी मी एक हाक मारली होती. त्याचा तपशील नको. पण तेव्हापासून हे काम अर्धे राहिल्यासारखे वाटते.

पट्टी दुमडू नका, ही विनंती.

आपला,
सहाव्याची वाट पाहणारा


२ डिसेंबर

प्रिय दादा,

आज 'आपण'ऐवजी 'तुम्ही' लिहितो. चूक वाटल्यास कळवा.

तुमचा फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. मी दोनदा "कोण बोलतंय?" म्हटले. मग तुमचा आवाज आला: "शेपूट बसलं."

मी म्हणालो, "कोणाचं?" मला समजले होते, परंतु इतक्या वर्षांनी मिळणारी गोष्ट एकदाच ऐकून कशी भागणार?

"मांजराचं हो! आणखी कोणाचं, माझं?" तुम्ही ओरडलात. "नीट बसलं. केसाचाही फरक नाही. गाढव आहे मी." मग तुम्ही हसत होता की दुसरे काही, ते फोनवर समजले नाही. मग "ठेवतो" म्हणालात आणि ठेवलात. माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. तो तसाच ठेवून मी घरभर चालून आलो, दादा. विजयी मिरवणुकीला माणसे लागतात असे काही नाही.

ग्रंथपाल बाईंनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतले. तुमच्या ओळी त्यांच्या टेबलावर होत्या. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवल्या: 'पाचवे वेष्टन निघाले होते. हे प्रथम माझ्या धाकट्या बहिणीने ओळखले, केवळ दोरी पाहून. ती बरोबर होती, मी चूक होतो, आणि मांजर पूर्ण आहे.' वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "काका, ते मांजराचं पाटीवर घ्यायचं का? समितीला जरा विचित्र वाटेल."

मी म्हणालो, "अक्षरशः घ्यायचं. स्वल्पविरामासकट."

जुनी पाटी त्यांनी मला देऊन टाकली. ती मी कुंड्यांखाली ठेवली आहे. पाणी धरते.

तुमच्या बाजूने एक गोष्ट लिहिणे न्यायाचे होईल. पाचव्याची पुठ्ठ्याच्या आत दुमडायची घडी बोटभर आखूड कापलेली आहे. कापणाऱ्याचा हात चुकला असावा, आणि छापलेल्या वेष्टनांचे सारे गठ्ठे जाडजूड कादंबरीला अपुरे पडले असावेत. बारीकशा कोंबडीपालनाला मात्र पुरले. म्हणजे कादंबरी बाजारात उघडीच विकली गेली, हे तुमचे म्हणणे खरे. वेष्टन रंगवले गेले, छापले गेले आणि जगात होते, हे तिचे म्हणणे खरे. तुम्ही दोघेही बरोबर होता. फरक इतकाच, की ती अधिक बरोबर होती. आणि ते ज्या पाकिटातून तिच्याकडे आले, त्यावर पत्ता तुमच्या हातचा होता. तुम्ही तिला खिजवायला पाठवलेली कोंबडी पाठीवर तोच रस्ता घेऊन आली होती. तिला हे समजले असते, तर तिने तुम्हाला आयुष्यभर सोडले नसते. मीही सोडणार नाही.

आता चित्राविषयी. तुम्ही फोनवर विचारले नाहीत. माझ्यावर सोपवलेत, असे समजतो.

रुग्णालयात असताना चौथे वेष्टन तिने मागवून घेतले होते. पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि उशीवरून त्याच्याकडे पाहत पडायची. परिचारिका म्हणाली, "आजी, कोणाची वाट बघताय त्या रस्त्यावर?" ती म्हणाली, "पुढच्या घराची." आमची त्यावर पैज चालत असे. माझे म्हणणे, दोरीला दुकानाची पाटी टांगलेली असणार, लाकडी, जड. ती म्हणायची, "छे हो. चादर असेल. ओली, नुकती पिळलेली. चित्रकाराला कादंबरीचं नाव घालायला पांढरी जागा कुठून मिळणार? तुम्ही कधी चादरी वाळत घातल्या असत्या, तर तुम्हाला कळलं असतं ओली चादर केवढी जड असते." हे बोलणे एका सोमवारचे. बुधवारी ती बोलली नाही.

दादा, चादर आहे.

दोरीच्या बरोबर मधे, रस्त्याच्या आरपार, जवळजवळ जमिनीपर्यंत पोचलेली एक पांढरीशुभ्र ओली चादर. तिच्या खालच्या काठावरून पाणी ठिबकते आहे. चित्रकाराने थेंबसुद्धा काढले आहेत. कादंबरीचे नाव त्या चादरीवर आहे, चुण्यांमधून वळणारे. सबंध रस्त्यात इतके सुंदर दुसरे काही नाही, आणि हे बोलणारा माणूस पुस्तकांची वेष्टने ही शेंगेची टरफले आहेत असे लग्नानंतर बरीच वर्षे म्हणत असे.

आता ती हाक. दोनदा टाळली, आज लिहून टाकतो.

त्या दुपारी दोरी दिसली तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "अगं, इकडे ये! तुझी दोरी सापडली!" आणि वाट पाहिली. स्वयंपाकघरातून यायला तिला नेहमी थोडा वेळ लागे. हात पुसल्यावाचून ती कागदाजवळ येत नसे. म्हणून मी आणखी थोडा वेळ थांबलो, आणि पुन्हा हाक मारली. दुसरी हाक मारून झाल्यावर मला आठवले.

मग मी खुर्चीत बसलो आणि विचार केला, की दोरी म्हणजे कोणती दोरी, हे एकही शब्द न समजावता ज्याला कळेल असा जगात आता कोण आहे. उत्तर एकच आले. ती गेली त्या दिवशी तुम्ही आमच्या दारापर्यंत आला होता, आत आला नाहीत. मी पाहिले होते. मी तेव्हा हाक मारली नाही. पहिले पत्र दोन ओळी मागायला लिहिले खरे. पण खरे तर ती तिसरी हाक होती. तुम्ही ओ दिलीत.

प्रदर्शन येत्या रविवारी सकाळी उघडते. पाचवे वेष्टन दोन काचांमधे उभे केले आहे. समोरून पाहिले तर चादर दिसते, मागे जाऊन पाहिले तर कोंबडी. तिच्या बाजूला 'संग्राहकाच्या थोरल्या बंधूंकडून भेट' अशी पाटी आहे. पहिली चार डावीकडे लागली आहेत. उजवीकडची भिंत मी रिकामी ठेवायला लावली आहे. सहावे, सातवे, आठवे घेऊन या. टपालाने पाठवू नका. स्वतः आणा. रस्ता सलग लागलेला अजून कोणीही पाहिलेला नाही. चित्रकार सोडला तर आपण दोघे पहिले असू. ग्रंथपाल बाईंनी जिन्याऐवजी मागच्या दाराने यायची सोय केली आहे, गुडघ्यासाठी.

एक वाद मात्र शिल्लक आहे. चादरीच्या खालून चार पावले दिसतात. चादरीमागे दोन माणसे उभी आहेत. एकाच्या पायात जोडे, अगदी सरळ जुळवलेले. दुसऱ्याचे पाय उघडे आणि टाचा उचललेल्या. बाकी दोघे पूर्ण झाकलेले. तिने चादर ओळखली, पण ही पावले तिच्याही मनात आली नव्हती. माझे मत असे, की ते नवराबायको आहेत आणि ती चवड्यांवर उभी राहून त्याच्या कानात काहीतरी सांगते आहे. तुम्ही म्हणाल, ते बहीणभाऊ आहेत, लपले आहेत, आणि कोणीतरी त्यांना शोधते आहे. तुम्ही हेच म्हणाल, याची मला खात्री आहे. आणि तुम्ही चूक आहात, याचीही. परंतु हा वाद पत्रातून मिटणारा नाही. पावले समोर ठेवून, शेजारी शेजारी बसून, आवाज चढवून तो घालावा लागेल, आणि तिच्या बाजूने कोणी बोलायचे तेही ठरवावे लागेल.

पाहुण्यांच्या खोलीतला पलंग मी उन्हात टाकला आहे. चादर धुतली आहे. ती म्हणत असे तेवढीच जड असते.

वाट पाहतो आहे,

तुमच्या खारीचा आणि तुमचा,
ओळंबा